मोठ्या आईनं नेसवलेल्या महालक्ष्म्या

४ सप्टेंबर २०२५

चि. बाळ्यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "झालं ना गं सगळं नीट?" आणि मी "हो, झालं" म्हणून मोकळी झाले. अंगणात भांडी घासणाऱ्या बाया, शेजारी कान लावून बसलेली तुझी आत्या, त्यात रेंज जायची. सांगण्यासारखं बरंच होतं, पण ते असं ओरडून सांगायचं नव्हतं. हे पत्र सूनबाईलाही वाचून दाखव. यात तिचा वाटा आहे, तो पुढे येईल.

रजा मिळाली नाही याचा राग नाही. यंदा महालक्ष्म्यांच्या, म्हणजे सूनबाईच्या भाषेत गौरींच्या, आगमनाचा ३१ ऑगस्ट रविवारी आला, तेवढीच काय ती सुटी. जेवण सोमवारी, विसर्जन मंगळवारी. दरवर्षी एकच तिथी धरली तर काय बिघडतं, असं तू मागे म्हणाला होतास. अरे, गणपती तिथीवर येतो, महालक्ष्म्या नक्षत्रावर येतात. चंद्र अनुराधेत असताना आणायच्या, ज्येष्ठेत जेवू घालायच्या, मूळ नक्षत्रावर पाठवायच्या. म्हणून त्या कधी सप्तमीला येतात, कधी अष्टमीला. आता हे तुझ्या साहेबाला कोण समजावणार!

आणि त्या सोळा भाज्या. "कोण खातं एवढं?" म्हणतोस. सोळा भाज्या म्हणजे काय सोळा गंज नव्हेत रे, सगळ्या मिळून एकच भाजी होते. दारव्ह्याच्या बाजारातून तुझ्या बाबांनी कोहळं, ढेमसं, दोडके, पडवळ, बरबटीच्या शेंगा, मुंगण्याच्या शेंगा असं काय काय आणलं. रविवारी रात्री मांडून मोजलं तर पंधराच! बाबा म्हणाले, सांबार (सूनबाईला सांग, म्हणजे कोथिंबीर) धरा सोळावा. सांबार कधीपासून भाजी झाला? शेवटी शेजारचं पोरगं सकाळी धुऱ्यावरून मूठभर काटवलं घेऊन आलं आणि हिशेब पुरा झाला. पुरण, आंबील, कढी, वडे, फुलोऱ्याच्या करंज्या-पापड्या हे नेहमीसारखंच. आंबील जरा जास्त आंबली होती, पण कोणी बोललं नाही.

आता खरं सांगायचं ते.

तुला माहीत आहे, महालक्ष्म्यांना पातळ नेसवायचं काम मूळचं मोठ्या आईचं. मी लग्न होऊन आले तेव्हा पत्र्याच्या दोन कोठ्यांत गहू-तांदूळ भरून, त्यांच्यावर नऊवारी अशी काही चढवायची की मुखवटा ठेवल्याबरोबर बाई श्वास घेतेय असं वाटे. मोठे बाबा गेले त्याला एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून ते अडीच दिवस ती चुलीपुढे. डाळ तीच शिजवते, पुरण तीच वाटते, पोळ्या तीच लाटते. पण मधल्या खोलीचा उंबरठा ओलांडत नाही. तिच्या हातचं पुरण देवीला चालतं, हात चालत नाहीत. हे वाक्य आत्ता लिहिताना जितकं सरळ दिसतंय, तितकं एकोणीस वर्षांत मला एकदाही दिसलं नाही. शाळेत दर ३ जानेवारीला सावित्रीबाईंवर बोलणारी मी. घरी मात्र "त्यांनाच नको वाटतं" असं स्वतःला सांगून मोकळी व्हायची.

रविवारी दुपारी नेसवायला घेतलं. माझा उजवा खांदा धरलेला, हात वर जाईना. सूनबाई नाही. तुझ्या आत्याला स्वतःचंच पातळ धड नेसता येत नाही (हे तिला सांगू नको). तीनदा सोडून तीनदा नेसवलं, तरी ज्येष्ठा आपली डावीकडे कललेलीच. आणि स्वयंपाकघरातून मोठी आई सांगतेय, "डाव्या अंगानं घे वं माय, तिचा खांदा उतरला. काष्टा ढिला हाये. अवं, निऱ्या धर ना!" उंबरठ्याच्या त्या बाजूला उभी, पिठाचे हात तसेच हवेत.

मी म्हटलं, "बाई, तुम्हीच या."

"मी नाही येत. काहून लोकाईच्या तोंडी देतं मले?"

लोकं म्हणजे तेव्हा खोलीत होतो आम्ही दोघी आणि तुझी ती चुलत आजी, पाटावर बसून सुपारी कातरणारी. ती बोललीच, "सवाष्णीचं काम सवाष्णीनं करावं." कोणी काही उत्तर दिलं नाही. तुझे बाबा स्टुलावर चढून मखराला लायटिंगची माळ बांधत होते. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही, नुसतं म्हणाले, "वहिनी, लवकर करा हो, मला खालची माळ लावायची आहे." माणूस जन्मात एखादवेळी बरोबर बोलतो.

मोठ्या आईनं हात धुतले. पदर खोचला. आली.

दहा मिनिटं लागली नसतील. दोघी सरळ उभ्या राहिल्या. मग ती मागे सरकली, कनिष्ठेचा पदर दोन बोटं खाली ओढला, आणि कोणाशी न बोलता परत पोळपाटाकडे गेली. संध्याकाळी आम्ही मुखवटे घेऊन तुळशीपासून आत आलो. "महालक्ष्मी आली, कोणत्या पावलांनी आली?" हे विचारायचं काम आत्याचं. ती नेहमीसारखी फुलं शोधण्यात गुंग. तेवढ्यात आतून मोठ्या आईचाच आवाज आला, "कोणत्या पावलांनी आली?" आम्ही म्हटलं, "सोन्यारुप्याच्या पावलांनी आली." माझा आवाज जरा चिरकला. रडले नाही, तसं समजू नको.

आता सूनबाईसाठी. दोन वर्षांपूर्वी याच पंगतीत तिनं विचारलं होतं, मोठ्या आई पूजेला का बसत नाहीत? आणि तिच्या माहेरच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडचं सांगितलं होतं. तिथल्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवांच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही असा ठराव केला, त्याच महिन्यात सरकारनंही तसं परिपत्रक काढलं. मी तेव्हा "कढी घे गं थोडी" म्हणून विषय बदलला. तिच्या घरी तेरड्याच्या गौरी, पाणवठ्यावरून आणायच्या, तिला आपलं काय कळणार, असंही मनात आलं होतं. ते चुकलं. तोंडावर म्हणता आलं नसतं, म्हणून लिहिते.

सगळं बदललं असं मात्र नाही. मंगळवारी सोळा पदरी, सोळा गाठींचे दोरे वाटले. मोठ्या आईलाही दिला, तिनं घेतला. हळदी-कुंकवाला मी करंडा पुढे केला तर म्हणाली, "हळद लाव, कुंकू राहू दे." मी आग्रह केला नाही. तिचं कपाळ, तिची मर्जी. चुलत आजींनी पुढच्या वर्षी येणार नाही असं गावभर सांगितलंय. सोमवारी जेवून मात्र गेल्या, आणि ती आंबलेली आंबील दोनदा मागून घेतली.

पुढच्या वर्षी तुम्ही तिघंही या, आणि रजा आधीच टाकून ठेव. नातीला यंदा फोनवर दाखवलं तर म्हणाली, "या दोन आज्या कोण?" तिनं एकदा मुखवटे हातात घेऊन पाहायला हवेत.

आणि एक काम आहे. मोठ्या आईचा निरोप जसा आहे तसा देते: "त्याले सांग, लुगडी नऊवारीच आण. मागच्या साली आणलेल्या सहावारीत निऱ्या पुरत नाही. अन् ते घसरनारं रेशीम नको, माह्या हाताले धरत नाही." एक हिरवं, एक जांभळं. काठ रुंद पाहून घे. पैसे बाबा देतील म्हणतात, तू घेऊ नकोस.

खांदा बरा आहे. सोयाबीनच्या शेंगा भरल्यात, पाऊस उघडला तर निभेल. फुलोऱ्याच्या करंज्या आत्याच्या पोराबरोबर पाठवल्यात. स्टीलचा डबा परत पाठव, मागचे दोन अजून तुझ्याकडेच आहेत.

तुझी,
आई