ॲनिमल हाऊसच्या काकांना

काका, हे तुमच्यासमोर बोलायला गेले तर तुम्ही "राहू दे गं" म्हणून निघून जाल, म्हणून इथे लिहितेय, आणि सगळ्यांनी वाचावं म्हणूनही.

बाकीच्यांसाठी सांगते, ॲनिमल हाऊस म्हणजे प्रयोगाचे उंदीर ठेवतात ती जागा, आणि माझं काम आहे उंदरांना जंत झाले की आतड्यातल्या बॅक्टेरियांचं काय होतं त्यावर. हेलिग्मोसोमॉइड्स पॉलिगायरस नावाचा जंत लहान आतड्यात राहतो आणि तो असला की लॅक्टोबॅसिलसच्या कुळातले बॅक्टेरिया वाढलेले दिसतात. ट्रिक्युरिस म्युरिस या दुसऱ्या जंताचं तर अजून वेगळं, त्याची अंडी फुटायलाच बॅक्टेरिया लागतात, हे २०१० मध्ये मँचेस्टरच्या लोकांनी दाखवलं. हे ऐकून तुम्ही लगेच विचारलंत, मग अँटिबायोटिक दिलं तर जंत कमी होतील का? काका, त्यांनी खरंच तसं करून बघितलं होतं आणि जंत कमीच निघाले!

आधी मी जिथे होते तिथे असं कुणी विचारलं नाही. तिथे पिंजरे कमी पडले म्हणून जंतवाले आणि बिनजंतवाले उंदीर एकत्र ठेवले गेले आणि मला कुणी सांगितलंच नाही. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, त्यामुळे एकाचे बॅक्टेरिया दुसऱ्यात जाणारच, मग फरक दिसणार कसा? वर मलाच ऐकवलं की तुझं ॲनालिसिस कच्चं आहे. त्याचा राग अजून गेलेला नाही, खरं सांगते.

आणि मग तुमची ती चिठ्ठी. उत्तरायणाची सुट्टी, अख्खं वडोदरा पतंग उडवायला गच्चीवर, आणि तुम्ही संध्याकाळी ड्यूटी नसताना एक चक्कर मारलीत. सकाळी पिंजऱ्याच्या कार्डाला औषधाच्या बिलाचा कागद लावलेला, मागे तुमच्या अक्षरात, "बाटली गळत होती, भुसा ओला, उंदीर नवीन पिंजऱ्यात टाकले, जुना कोरडा भुसा मूठभर त्यातच टाकला, दुसऱ्या कुणाचा नाही." खाली वेळ आणि प्रत्येकाच्या कानाची खूण. मी वाचून तिथेच रडले. उंदीर वाचवले ते तर आहेच, पण "दुसऱ्या कुणाचा नाही" हे लिहावंसं वाटलं तुम्हाला, म्हणजे मी कधीतरी जाता जाता बोललेलं तुम्ही नीट ऐकून लक्षात ठेवलं होतंत. माझ्या कामात काय बिघडू शकतं हे मोठमोठ्या डिग्रीवाल्यांना कळत होतं तरी ते गप्प बसले, आणि तुम्ही कुणी बघत नसताना जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवलंत. अशी माणसं असतात म्हणून लॅबमधल्या आकड्यांवर विश्वास ठेवता येतो, पेपरवर त्यांचं नाव कधीच नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

थिसिसच्या आभारात गाईडनंतर लगेच तुमचं नाव टाकतेय, कुणी काही म्हणो. फक्त पूर्ण नाव कसं लिहायचं ते सांगा, रजिस्टरमध्ये सगळ्यांनी नुसतं काकाच लिहिलंय.