अण्णांना घेऊन ये

फोंडा
२५ सप्टेंबर

प्रिय बाय,

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला, रिप्लाय टाइप करायला घेतला आणि लक्षात आलं की हे फोनवर मावणारं नाही, म्हणून सरळ पत्रच लिहितेय. शेवटपर्यंत वाच, कारण खरं काम शेवटी आहे. चवथीला तुम्ही आला नाहीत, आईने तुमच्या वाटणीच्या नेवऱ्या डब्यात भरून ठेवल्यात आणि रोज विचारते, पुण्याला कोण जातंय का गं.

थिएटरचं विचारलंस ना, चाललंय. बाल्कनीतल्या ९६ खुर्च्या तेवढ्या आपल्या, खाली स्टॉलमध्ये अजून फर्निचरवाल्याचं गोडाऊन आहे, पण छप्पर मे महिन्यातच करून घेतलं त्यामुळे यंदा एकाही शोला बादल्या ठेवाव्या लागल्या नाहीत. तिकीट १०० रुपये, कॉलेजच्या मुलांना ५०, इंटरव्हलला बन्स, मिरची आणि चहा. कधी ११ माणसं असतात, कधी ८०. ११ असतात तेव्हा पण शो कॅन्सल करायचा नाही हे आम्ही पहिल्या दिवशीच ठरवलं होतं आणि अजून तरी पाळलंय.

ऑगस्टमध्ये मात्र एकदा जीव अगदी कंठाशी आला होता. आता सिनेमा पेटीतून येत नाही, हार्ड डिस्कवर येतो आणि त्याला कुलूप असतं, त्याची चावी ईमेलने येते, ती पण ठरलेल्या तारखेला ठरलेल्या वेळातच लागते. तर शो सहाचा आणि ज्यांनी चावी पाठवली त्यांनी वेळ घातली होती रात्री आठपासूनची! डिस्क समोर, प्रोजेक्टर चालू, ५४ माणसं बसलेली आणि पडद्यावर काही नाही. तिकडे फोन कोणी उचलेना. शेवटी मी पुढे जाऊन जे आहे ते सांगितलं, पैसे परत हवे असतील तर देते म्हटलं, सहाजण गेले, बाकीचे सगळे थांबले. दोन तास. बाहेर धो धो पाऊस, आणि आत लोक या थिएटरमध्ये पहिला सिनेमा कधी बघितला ते एकमेकांना सांगत बसले. एक आजोबा म्हणाले, इथे वर केबिनमध्ये एक ऑपरेटर होते, रीळ बदलताना कधी कळायचं सुद्धा नाही, आपल्या फोंड्यात तसा माणूस परत झाला नाही. अगं, तुझे अण्णा! मी उठून सांगितलं की ते माझ्या मैत्रिणीचे वडील, आणि मग आजोबांनी माझा हात धरला तो आठ वाजेपर्यंत सोडलाच नाही. हे तुला तेव्हाच सांगणार होते पण फोनवर नीट सांगता आलं नसतं.

बरं, आता पुढच्या महिन्याचं. यावेळी प्रोग्रॅम ठरवताना मी हट्टाने गोव्याच्याच गोष्टी घेतल्या.

१० ऑक्टोबरला 'निर्मोण'. १९६६ चा कोंकणी सिनेमा, सी. आल्वारिस आणि शालिनी म्हार्दोळकर. आईला सांगितलं तर ती हातातलं काम ठेवून उभीच राहिली. नंतरच्याच वर्षी त्याची हिंदी झाली 'तकदीर' नावाने आणि त्यातही नायिका शालिनीच होती, ही गोष्ट आपल्याकडच्या किती पोरांना माहीत आहे? पहिला कोंकणी सिनेमा १९५० मध्ये आला, २४ एप्रिलला, म्हापशात दाखवला होता, म्हणजे पोर्तुगीज अजून इथेच होते. आणि आपण दोघी दहावीपर्यंत समजत होतो की सिनेमा म्हणजे मुंबईहून येणारी वस्तू. मला याचं खरंच वाईट वाटतं गं, कुणी आपल्याला सांगितलंच नाही.

'निर्मोण' ज्यांनी काढला ते फ्रँक फर्नांड मूळचे कुडचड्याचे, ट्रम्पेट वाजवायचे, मुंबईत हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात आयुष्य काढलं आणि मग स्वतःच्या भाषेत सिनेमा करायला उतरले. त्यावरूनच मला १७ तारखेच्या कार्यक्रमाची आयडिया आली. त्या दिवशी पडद्यावर काहीच दाखवायचं नाही, पूर्ण अंधार आणि फक्त ऐकायचं. जुनी हिंदी गाणी, पण गायकाकडे लक्ष द्यायचं नाही, मागे काय वाजतंय ते ऐकायचं. शंकर-जयकिशनच्या गाण्यांत मागे व्हायोलिन्सचा जो अख्खा समुद्र उठतो ना, ते नोटेशन लिहून वादकांपुढे ठेवणारे सेबॅस्टियन डिसोझा, गोंयकार. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल व्हायोलिन शिकले. चर्चच्या शाळेत पोरं सोल्फेज म्हणजे पाश्चात्त्य सारेगम शिकायची, स्टाफ नोटेशन म्हणजे पाच रेघांवर लिहिलेले सूर वाचायला शिकायची, आणि मुंबईच्या स्टुडिओत संगीतकाराच्या डोक्यातली चाल कागदावर उतरवायला नेमकी हीच माणसं लागायची. कॅसेटच्या कव्हरवर यांचं नाव कधी बघितल्याचं आठवतंय तुला? मला तर एकही आठवत नाही. तर मडगावचे एक व्हायोलिन शिकवणारे सर येणार आहेत, ते एकेक गाणं थांबवून, इथे काउंटर मेलडी, म्हणजे मुख्य चालीसोबत चालणारी दुसरी चाल, कशी आली, इथे चेलो काय करतोय, असं वाजवून दाखवणार. मी रिहर्सलला बसले होते. जे गाणं मी हजार वेळा ऐकलंय त्यात मागे एक बासरी वेगळंच काही बोलत होती आणि मला ती ४१ वर्षांत कधी ऐकूच आली नव्हती. डोळ्यात पाणी आलं.

बायकांचा दुपारचा तीनचा शो दर बुधवारी आहेच, आता मार्दोळहून आणि कुर्टीहून पण येतात, तो वेगळा विषय, कधीतरी निवांत सांगेन.

३१ ला मुलांसाठी 'कालिया मर्दन', फाळक्यांचा, १९१९ चा. मूकपट आहे म्हणून बाजूला पेटी आणि तबला प्रत्यक्ष बसवणार, आपल्या देवळातल्या भजनाचीच माणसं आहेत, त्यांना म्हटलं नोटेशन वगैरे काही नको, कृष्ण बघा आणि वाजवा. कृष्णाचं काम फाळक्यांच्या मुलीने केलंय, मंदाकिनीने, लहानशी पोर, सुरुवातीलाच ती नुसत्या चेहऱ्याने एकामागून एक भाव करून दाखवते आणि मग कृष्णाच्या वेशात समोर येते. मी मुलांना आधी सांगणारच नाहीये की ती मुलगी आहे. त्याच्या पुढच्याच आठवड्यात नरकासुर, गल्लीगल्लीत पोरं कागद-गवत भरत बसलेली असतील, त्यांनी नरकासुर जाळणारा कृष्ण आधी पडद्यावर बघावा असं मनात होतं म्हणून ही तारीख. एक गोष्ट आम्ही तांत्रिकदृष्ट्या नीट करतोय, त्या काळी कॅमेरा हाताने फिरवायचे, सेकंदाला साधारण १६-१८ चित्रं, आणि तेच २४ च्या स्पीडने लावलं की माणसं उड्या मारत धावल्यासारखी दिसतात आणि लोक हसतात. जुना सिनेमा म्हणजे हसायची गोष्ट असं मुलांना वाटू नये. म्हणून स्पीड कमी केलेली कॉपी घेतली.

नोव्हेंबरमध्ये २० नंतर थिएटर बंद, कारण इफ्फी, आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. २००४ पासून दरवर्षी पणजीत येतंय ते, आणि त्या दिवसांत आमची अख्खी टीम तिथे लाइनीत उभी असते.

आता खरं काम. मध्ये एक तारीख मी मुद्दाम गाळली, २७ ऑक्टोबर, मंगळवार. युनेस्कोचा दृकश्राव्य वारशाचा दिवस असतो तो, जुन्या फिल्म्स, टेप्स, रेकॉर्डिंग्ज जपायची आठवण म्हणून. जूनमध्ये केबिन साफ करताना प्रोजेक्टरच्या दिव्यासाठी लागणाऱ्या कार्बनच्या कांड्यांच्या कपाटामागे सात डबे सापडले. पाच डब्यांत फिल्म्स डिव्हिजनच्या न्यूजरील्स, आठवतं ना, मेन सिनेमाच्या आधी सक्तीने दाखवायचे, कुठेतरी पूर, कुठेतरी धरणाचं उद्घाटन, आणि आपण तोपर्यंत चणे संपवायचो. त्यातले तीन डबे उघडल्या उघडल्या व्हिनेगरचा वास. ॲसिटेटची फिल्म कुजायला लागली की तसा वास येतो आणि आपल्याकडच्या दमट हवेत ते फार लवकर होतं, शिवाय शेजारच्या रिळालाही लागतं, म्हणून ते तीन लगेच वेगळे काढले, मशीनवर चढवायचे नाहीत, पुण्याला फिल्म आर्काइव्हला विचारतोय काय करता येईल. पण सातातले उरलेले दोन डबे! एका मराठी सिनेमाचं पाचवं आणि सहावं रीळ. बाकी सिनेमा परत गेला आणि हे दोन डबे कसे कोण जाणे इथेच राहिले. निर्मात्यांच्या घरच्यांना शोधून लेखी परवानगी आणली, सिनेमाचं नाव इथे लिहीत नाही, येऊन बघ. रिवाइंडरवर हाताने फिरवत मी आणि आपला डिजिटलवाला पोरगा दोघांनी आठ दिवस लावून एकेक फूट तपासलं, १७ ठिकाणी कडेची भोकं फाटली होती ती टेपने जोडली. आकसलेली नाही, वास नाही, रंग थोडा गुलाबी झालाय पण माणसं स्वच्छ दिसतात.

एकेक रीळ २००० फूट, मिनिटाला ९० फूट जातं म्हणजे एक २२ मिनिटांचं. ४४ मिनिटांचा सिनेमा, ना सुरुवात ना शेवट, आणि मधोमध एक चेंजओव्हर. म्हणजे सिनेमा न थांबवता एक नंबर मशीनवरून दोन नंबरवर जायचं.

तो चेंजओव्हर अण्णांनी करावा असं मला फार वाटतंय.

मी उगाच भावनेच्या भरात म्हणत नाहीये. मशीन्स फिरतात, ऑइलिंग झालंय, बेल्ट नवीन घातले. झेनॉनचे बल्ब मडगावचा मेकॅनिक बसवून देणार, थंड असला तरी तो बल्ब प्रेशरने फुटू शकतो म्हणून ते काम तोंडावर शील्ड घालून तोच करेल, अण्णांनी त्याला हात लावायचा नाही, हे तू आत्ताच त्यांच्याकडून कबूल करून घे कारण ते ऐकणार नाहीत. पण पुढचं कोणालाच येत नाही. आम्ही प्रयत्न केला. पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात पहिला ठिपका आला की दोन नंबरची मोटर चालू करायची, सात सेकंदांनी दुसरा ठिपका आला की चेंजओव्हर, हे सगळं पुस्तकात आहे, पण ठिपका डोळ्याची पापणी लवायच्या आत जातो आणि मला सहा वेळात एकदाही दुसरा दिसला नाही. एकदा पडदा पांढरा झाला, एकदा लीडरवरचे, म्हणजे रिळाच्या सुरुवातीच्या पट्टीवरचे, आकडे दिसले. मला आठवतं, आपण दोघी त्या उंच स्टुलाला टेकून उभ्या असायचो, अण्णा आपल्याशी अभ्यासाबद्दल बोलत असायचे, पडद्याकडे बघत पण नाहीयेत असं वाटायचं, आणि मध्येच "पळय, आतां" (बघ, आता) म्हणून हात जायचा आणि खाली ५०० माणसांतल्या एकालाही कळायचं नाही. हे मी २७ तारखेला लोकांना दाखवू इच्छिते. केबिनच्या खिडकीपाशी वीस-वीस माणसं उभी करायची, त्यांना आधी मशीन समजावून सांगायचं, की फिल्म सरळ वाहत नाही, सेकंदाला २४ वेळा थांबते आणि पुढे सरकते, सरकताना शटर उजेड अडवतं. हे सगळं मी बोलेन. अण्णांनी बोलायची काही गरज नाही, त्यांनी फक्त मशीनपाशी उभं राहायचं.

तू मागे सांगितलं होतंस की २०१३ ला मशीन बंद झाल्यावर ते कधी स्वतःहून सिनेमाला गेले नाहीत, आणि पुण्याच्या मल्टिप्लेक्समध्ये तू नेलंस तेव्हा सारखे मागे वळून वरच्या खिडकीकडे बघत होते, आणि घरी येऊन म्हणाले तिथे कोणीच नव्हतं. ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही अजून. त्यांना त्रास होईल का हा विचार मी पण खूप केला. म्हणून त्यांना थेट फोन न करता आधी तुला विचारतेय, तू त्यांच्याजवळ आहेस, तुला जास्त कळेल. ते नको म्हणाले तर विषय संपला, मी एक रीळ संपल्यावर दिवे लावीन आणि मग दुसरं लावीन, कार्यक्रम तरीही होईल.

पण विचार गं. रविवारी रात्रीची बस पकडा, सोमवारी सकाळी मी स्टँडवर गाडी घेऊन येते, सोमवार अख्खा त्यांना मशीनपाशी बसायला मिळेल, कोणी मध्ये येणार नाही. केबिनचा जिना उंच आहे हे माहीत आहे, दोन्ही बाजूंना कठडा बसवायला सांगितलाय, सुतार परवा येतोय. राहायला आमच्याकडे, आई नाहीतर दुसरीकडे राहू देणारच नाही.

आणि एक, त्यांना हो-नाही विचारायच्या आधीच हे विचार: दोन नंबर मशीनचं गेट, म्हणजे फिल्म जिथे उजेडासमोरून सरकते ती चौकट, दाबून बसवलं की चित्र हलतं आणि सैल ठेवलं की फोकस जातो, अण्णा गेटमध्ये पितळेची एक बारीक पट्टी सरकवायचे असं मेकॅनिक म्हणतो, ती कुठे ठेवायचे? आम्ही सगळे खण उलथे केले, मिळाली नाही.

वाट बघतेय, रात्री कितीही उशिरा फोन कर.

तुझीच