सूचना : पाहुण्यांच्या बॅगा आधी तपासा

मंडळींनो, गणपतीला पुण्या-मुंबईहून बऱ्याच जणांचे आई-बाबा, भाचरं सिंगापूरला येताहेत. ते निघण्याआधीच फोन करून सांगा:

• च्युइंग गम आणू नका. १९९२ पासून बंदी आहे; ‘आमच्यापुरतंच आहे’ ही सबब चालत नाही. विमानात कानांना दडे बसू नयेत म्हणून पर्सच्या कोपऱ्यात ठेवलेली अर्धी पट्टीसुद्धा काढा. त्यापेक्षा लिमलेटच्या गोळ्या बऱ्या.
• सिगारेट सोडण्यासाठीचं निकोटीनचं गम मात्र २००४ पासून इथेच फार्मासिस्टकडे मिळतं.
• गुटखा, खैनीही बंद. (काकांना हे जरा बेतानं सांगा.)

आरती शनिवारी सायंकाळी ७ वाजता, नेहमीच्याच हॉलमध्ये. परतताना एमआरटीत (इथल्या मेट्रोत) प्रसादाचा मोदक तोंडात टाकू नका, तिथे खाण्यालाही दंड आहे. डबा घरी गेल्यावरच उघडा.