पिचर बिघडला म्हणजे नेमके काय बिघडले?

महोदय,

रोकी सासाकी हा जपानी पिचर २०२५ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सकडून अमेरिकेतला आपला पहिला हंगाम खेळला आणि त्याच्यावरून बेसबॉलच्या चाहत्यांत दोन तट पडले. एक तट म्हणतो, पोराचा नुसता गाजावाजा होता, अमेरिकी बॅटरांपुढे उघडा पडला, त्याला खालच्या पायरीच्या मायनर लीगमध्ये धाडा. दुसरा म्हणतो, अवघा तेवीस वर्षांचा आहे, सांभाळून घ्या. भांडण कडाक्याचे झाले. पण दोन्हीकडून जे लिहिले गेले ते बहुतांशी त्याच्या चेहऱ्याबद्दल आणि हिमतीबद्दल. चेंडू कुठे जात होता आणि का, याबद्दल फार थोडे. आपल्याकडेही अमेरिकेतले सामने पाहणारे वाचक आहेत आणि शाळांतून बेसबॉल खेळणारी मुले आहेत, म्हणून हे जरा सविस्तर लिहीत आहे.

क्रिकेट पाहणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात. पिचर दहा इंच उंच मातीच्या माऊंडवरून ६० फूट ६ इंचांवरच्या होम प्लेटकडे चेंडू टाकतो. प्लेटची रुंदी १७ इंच. तिच्यावरून, बॅटरच्या गुडघ्यापासून छातीच्या खालपर्यंतच्या चौकटीतून चेंडू गेला तर स्ट्राइक; बॅट फिरवून चेंडू हुकला तरी स्ट्राइकच. चौकटीबाहेरून गेला आणि बॅटरने बॅट फिरवली नाही तर बॉल. तीन स्ट्राइकला बॅटर बाद, त्याला स्ट्राइकआउट म्हणतात. चार बॉलला तो धावेच्या वाटेवरच्या पहिल्या थांब्यावर, म्हणजे पहिल्या बेसवर आयता जातो, त्याला वॉक म्हणतात. तीन बॅटर बाद झाले की संघाची इनिंग संपते; सामना नऊ इनिंगांचा. पिचरच्या खात्यावर लागलेल्या धावा नऊ इनिंगांमागे किती पडतात, तो आकडा म्हणजे ईआरए.

वाद बहुतेक या ईआरएवरच घातला जातो आणि तिथेच तो भरकटतो. सासाकीचा पहिल्या आठ सामन्यांतला ईआरए ४.७२ होता: ३४ पूर्णांक एक तृतीयांश इनिंगांत १८ धावा. आठ सामन्यांचा ईआरए हा कच्चा पुरावा आहे. क्षेत्ररक्षक एक पाऊल उशिरा निघाला, उंच चेंडू कुंपणाच्या अलीकडे पडला की पलीकडे, एवढ्यावर तो वरखाली होतो. वॉक आणि स्ट्राइकआउट यांत क्षेत्ररक्षकाचा हात नसतो, म्हणून ती जोडी आधी पाहावी. सासाकीने त्या आठ सामन्यांत २४ बॅटर स्ट्राइकआउट केले आणि २२ वॉक दिले. २०२४ मध्ये जपानमध्ये चिबा लोट्टे मरीन्सकडून १११ इनिंगांत त्याचे स्ट्राइकआउट होते १२९ आणि वॉक ३२. म्हणजे नऊ इनिंगांमागे वॉक २.६ वरून ५.८ वर गेले आणि स्ट्राइकआउट १०.५ वरून ६.३ वर आले. बाकी सगळे नशिबावर ढकलता येईल, हे नाही. 'धीर धरा' म्हणणाऱ्यांनीही हे आकडे नजरेआड करायला नको होते.

आता हे कसे घडते ते पाहू. पहिला चेंडू बॉल गेला की बॅटर निवांत होतो. दोन बॉल गेले की तो एकाच जागी, एकाच चेंडूची वाट पाहतो. पिचरला चौकटीत चेंडू टाकणे भाग पडते आणि बहुतेक पिचर अशा वेळी फास्टबॉल टाकतात, कारण त्यावर ताबा सगळ्यात जास्त. सासाकीची अडचण इथे आहे. उलट्या फिरकीच्या चांगल्या फास्टबॉलला बॅटरच्या अंदाजाइतका उतार लागत नाही, त्यामुळे बॅट चेंडूखालून जाते. सासाकीच्या फास्टबॉलला हे वर टिकणे फारसे नाही. तो वेगावर जगतो. जपानमध्ये त्याने ताशी १६५ किलोमीटर गाठले होते आणि तेव्हा चेंडूचा आकार कसा आहे हे विचारायला बॅटरला सवडच नव्हती. मे महिन्यात वेग सरासरी ९५ मैलांच्या, म्हणजे १५३ किलोमीटरच्या आसपास उतरला आणि तोच चेंडू बॅटवर नीट बसू लागला.

त्याचे दुसरे हत्यार स्प्लिटर. दोन बोटांत रुंद धरलेला, अगदी कमी फिरणारा, प्लेटजवळ येऊन खाली बुडणारा हा चेंडू तेव्हाही उत्तम होता. पण तो चौकटीच्या खाली पडतो, म्हणून बॅटरने बॅट फिरवली तरच उपयोगाचा. बॅटर बॅट केव्हा फिरवतो? फास्टबॉलची धास्ती असते तेव्हा, किंवा दोन स्ट्राइक अंगावर असतात तेव्हा. धास्ती गेली, दोन स्ट्राइकपर्यंत पोचणे अवघड झाले, की तोच स्प्लिटर नुसता बॉल ठरतो. फास्टबॉल उतरला म्हणून स्प्लिटर उतरला, स्प्लिटर उतरला म्हणून वॉक वाढले. यात हिमतीचा प्रश्न कुठेच येत नाही.

वेग का उतरला, याचे उत्तर १३ मेला मिळाले. डॉजर्सने त्याला उजव्या खांद्याच्या दुखण्यासाठी जखमींच्या यादीत टाकले. खांद्यात चिमटा बसत असेल तर हात पूर्ण मागे जात नाही, शरीर आपोआप सुरक्षित वाट शोधते, चेंडू सोडण्याची जागा दर वेळी थोडी हलते. ६० फुटांवर तेवढ्यानेच चेंडू प्लेटवरून सुटतो. आणखी एक बारकावा फार थोड्यांनी टिपला. जपानमध्ये सुरुवातीचा पिचर साधारण आठवड्यातून एकदा टाकतो, अमेरिकेत दर पाचव्या-सहाव्या दिवशी. डॉजर्सने त्याला सुरुवातीला आठवड्याचा अवधी दिला. ९ मेचा ॲरिझोनाविरुद्धचा सामना हा पाच दिवसांच्या विश्रांतीवरचा त्याचा पहिलाच सामना होता आणि तो सगळ्यात वाईट गेला. त्याच सामन्यानंतर त्याला नावे ठेवणाऱ्यांचा आवाज सर्वांत मोठा झाला.

मायनर लीगमध्ये पाठवणे ही शिक्षा आहे, अशा समजुतीने दोन्ही तट भांडतात. रॉय हॅलडे या पिचरचे उदाहरण त्यांनी आठवावे. २००० मध्ये टोरोंटो ब्लू जेजकडून ६७ पूर्णांक दोन तृतीयांश इनिंगांत त्याचा ईआरए १०.६४ होता. २००१ मध्ये संघाने त्याला थेट खालच्या पायरीवर, फ्लोरिडातल्या डनीडनला पाठवले. मायनर लीगमध्ये मेल क्वीन या प्रशिक्षकाने त्याचा डोक्यावरून सरळ येणारा हात तिरका, खांद्याकडे झुकता केला. सरळ येणारा फास्टबॉल जाऊन बुडणारे आणि शेवटी कडेला सरकणारे चेंडू आले. त्याच वर्षी तो मोठ्या लीगमध्ये परतला, २००३ मध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये पुन्हा मिळाला आणि त्याच वर्षी त्याने पर्फेक्ट गेमही टाकली, म्हणजे अख्ख्या सामन्यात एकाही बॅटरला बेसवर पोचू दिले नाही. धाडले तेव्हा तो तेवीस वर्षांचाच होता. तो खाली गेला म्हणून सुधारला नाही. खाली नेमके काय बदलायचे हे ठरवलेले होते, म्हणून सुधारला. नुसते धाडा म्हणणारे ही दुसरी गोष्ट सांगत नाहीत.

उलट, सगळेच थांबून बरे होते असेही नाही. सेंट लुईसचा रिक अँकील २००० च्या ऑक्टोबरमध्ये अटलांटाविरुद्ध एकाच इनिंगमध्ये पाच चेंडू प्लेटमागे बसून झेलणाऱ्या कॅचरच्या आवाक्याबाहेर टाकून बसला. एकवीस वर्षांचा, त्या हंगामातला एक उत्कृष्ट नवखा पिचर. त्याचा चेंडूवरचा ताबा पहिल्यासारखा परत आला नाही. २००७ मध्ये तो बाहेरचा क्षेत्ररक्षक आणि बॅटर म्हणून परतला. हॅलडेचा प्रकार कोणता आणि अँकीलचा कोणता, हे बाहेरून ओळखण्याची एक साधी खूण आहे: कॅचरचा हातमोजा पाहा. उजव्या हाताच्या पिचरचे चेंडू पुन्हा पुन्हा वर आणि उजव्या बॅटरच्या अंगाकडे जात असतील, तर पुढचा खांदा लवकर उघडतोय, हात मागे राहतोय, चेंडू आधी सुटतोय. पुन्हा पुन्हा खाली आणि बॅटरपासून दूर जात असतील, तर चेंडू उशिरा सुटतोय किंवा धड पहिल्या बेसकडे कोसळतेय. एकाच दिशेने चुकणारा पिचर दुरुस्त होऊ शकतो. कधी डोक्यावर, कधी मातीत, कधी पाठीमागे असे चारी दिशांना चुकत असतील, तर आधी दुखणे तपासावे. दुखणे नसेल तर प्रशिक्षकाइतकीच मानसतज्ज्ञाची गरज आहे.

सासाकी सप्टेंबरच्या अखेरीस परतला तो सामन्याच्या शेवटी येणारा पिचर म्हणून. मधल्या काळात खांदा बरा झाला होता आणि पायांच्या हालचालीवर काम झाले होते. वेग पुन्हा १०० मैलांवर गेला. ९ ऑक्टोबरला फिलाडेल्फियाविरुद्ध त्याने तीन इनिंगांत नऊच्या नऊ बॅटर बाद केले. त्याच सामन्याच्या अकराव्या इनिंगमध्ये फिलाडेल्फियाचा चोवीस वर्षांचा ओरियन केर्करिंग माऊंडवर होता. दोन बाद, सगळे बेस भरलेले, चेंडू त्याच्याकडेच परत आला आणि हातातून निसटला. कॅचर पहिल्या बेसकडे बोट दाखवत होता. तिथे फेकला असता तर इनिंग संपली असती. त्याने घाईने होमकडे फेकला, तो बाजूने गेला, डॉजर्सची विजयी धाव झाली आणि फिलाडेल्फियाचा हंगाम संपला. फिलाडेल्फियाच्या चाहत्यांनी त्याला जे ऐकवले ते वाचवत नाही. चूक होती ती निर्णयाची, आणि अशा चुकीवर इलाज ठरलेला आहे: दोन बाद असताना पिचरकडे आलेला चेंडू हातातून सुटला की मान वर करायची, कॅचरचा हात पाहायचा, मग पहिल्या बेसला फेकायचे. हा सराव मैदानावर शंभर वेळा करून घेता येतो.

सासाकीच्या बाजूचे मात्र ऑक्टोबरमध्ये लगेच जिंकल्याच्या थाटात बोलू लागले, तेही मला पटत नाही. शेवटी येणारा पिचर पंधरा-वीस चेंडू पूर्ण ताकदीने टाकतो, दोन प्रकारचे चेंडू त्याला पुरतात. सुरुवातीच्या पिचरला नव्वदच्या आसपास चेंडू टाकायचे असतात आणि तेच बॅटर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा समोर येतात; तिथे तिसरा विश्वासाचा चेंडू लागतो. तो त्याच्याकडे अजून नव्हता. १३ ऑक्टोबरला मिलवॉकीत नवव्या इनिंगमध्ये त्याचा ताबा पुन्हा सुटला आणि दुसऱ्याला येऊन सामना संपवावा लागला. खांदा बरा झाला, फास्टबॉलचा आकार मात्र तोच होता.

याच पोरावरून जपानमध्ये याआधी याहून मोठा वाद झाला होता आणि तो आपल्या शाळांच्या जास्त जवळचा आहे. २०१९ मध्ये ओफुनातो शाळेकडून खेळताना त्याने एका सामन्यात बारा इनिंगांत १९४ चेंडू टाकले, मग उपान्त्य सामन्यात १२९. दुसऱ्या दिवशी अंतिम सामना होता. जिंकले तर राष्ट्रीय स्पर्धा. प्रशिक्षकाने त्याला बाकावर ठेवले. शाळा हरली, लोकांनी शाळेला फोन करून शिव्या दिल्या. पुढच्या वर्षी जपानच्या शालेय बेसबॉल महासंघाने एका पिचरला आठवड्याला ५०० चेंडूंची मर्यादा घातली. तोच हात १० एप्रिल २०२२ रोजी पर्फेक्ट गेम टाकून गेला: १०५ चेंडू, १९ स्ट्राइकआउट, त्यातले १३ सलग.

आपल्या शालेय आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा चार दिवसांत उरकायच्या असतात आणि संघात जोरात टाकणारा पोरगा बहुधा एकच असतो. कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध तुटला तर शस्त्रक्रिया आणि वर्ष-दीड वर्ष मैदानाबाहेर. अमेरिकेतल्या पिच स्मार्ट नियमावलीत १३-१४ वर्षांच्या मुलाला दिवसाला ९५ आणि १७-१८ वर्षांच्याला १०५ चेंडूंची कमाल मर्यादा आहे. १३-१४ च्या गटात २० पर्यंत चेंडू टाकले तर विश्रांतीची सक्ती नाही. २१ ते ३५ ला एक दिवस, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन आणि ६६ पासून पुढे चार दिवस. पिचिंग केलेल्या मुलाला त्याच दिवशी कॅचर करू नये, कारण कॅचरही प्रत्येक चेंडू परत फेकतच असतो. थकव्याच्या खुणा ठरलेल्या आहेत: कोपर खाली येते, चेंडू वर जाऊ लागतात, दोन चेंडूंमधला वेळ वाढतो, मुलगा हात झटकतो. कोपराच्या आतून दुखते म्हणाला की त्या दिवसाचे पिचिंग तिथेच बंद.

यासाठी लागते ते एक कागद, एक पेन्सिल आणि बाकावरचा एक राखीव खेळाडू. चार रकाने: टाकलेले चेंडू, प्रत्येक बॅटरला पहिला चेंडू स्ट्राइक की बॉल, वॉक, चुकलेल्या चेंडूची दिशा.

तरी दोन विनंत्या. आपल्या क्रीडा पानावर बेसबॉलची बातमी येते तेव्हा 'अमुक पिचर अपयशी' एवढ्यावर न थांबता त्याचे चेंडू, वॉक आणि स्ट्राइकआउट हे तीन आकडे छापावेत. एक ओळ पुरेल. आणि जिल्हा व राज्य स्पर्धांच्या संयोजकांनी वरचा कागद दर सामन्यानंतर दोन्ही प्रशिक्षकांच्या सह्यांनिशी जमा करून घ्यावा, पुढच्या सामन्याची संघयादी स्वीकारण्यापूर्वी पंचांनी तो पाहावा आणि विश्रांती पूर्ण न झालेल्या मुलाला त्या दिवशी माऊंडवर उभे राहू देऊ नये.

आपला,
एक बेसबॉलप्रेमी वाचक, पुणे