प्रकल्प मुलांचा, रात्रपाळी आईबापांची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तिसरी-चौथीच्या मुलांना कला-कार्यानुभवाचे जे प्रकल्प घरी करायला देतात, ते कोण करतं हे शिक्षक, पालक आणि पोरं तिघांनाही ठाऊक आहे. रविवारी रात्री भांडी आवरून आई थर्मोकोल कापायला बसते, वडील फेविकॉल लावतात, आणि ज्याचा प्रकल्प तो गाढ झोपलेला असतो. सोमवारी सगळ्यांत सफाईदार किल्ल्याला 'अ' श्रेणी! माझ्या नातवानं आपल्या हातानं मातीचा भुईकोट केला होता. बुरूज कलले होते खरे. शेरा मिळाला, 'नीटनेटकेपणा हवा'. (थर्मोकोलच्या सजावटीवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, पण हे बोलून दाखवलं की म्हातारा खडूस ठरतो.)

यात शिक्षकांना फार दोष देता येत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात कलेसाठी अंशकालीन निदेशक आहे तो सहावी ते आठवीला, तोही पट शंभराच्या वर असेल तर. खालच्या वर्गांना एकाच बाईंनी गणित, मराठी, परिसर अभ्यास आणि वर चित्रकलाही बघायची. मग प्रकल्प घरी धाडला जातो.

माझी हयात चादरींचे नमुने काढण्यात गेली. जेकार्डच्या, म्हणजे मागावरच नक्षी विणून काढलेल्या चादरीवरचं चित्र आधी आलेख कागदावर चौकटी-चौकटीनं रंगवतात. त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतात. भोक असेल तिथला उभा धागा मागावर वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. हेच काम चौथीतलं पोर गणिताच्या चौकटीच्या वहीत करू शकतं. त्याला मोर काढायला सांगा. आधी तो मान गोलच काढायला जाईल. चौकटीत गोल बसत नाही म्हटल्यावर पायरी-पायरीनं वळण घ्यायचं त्याचं त्यालाच सुचेल. मग घरातली चादर उलटी करून दाखवा. सुलट बाजूला लाल जमिनीवर पांढरा मोर असेल तर उलट बाजूला पांढऱ्यावर लाल. शेजारच्या पानावर रंगांची अदलाबदल करून तोच मोर पुन्हा काढायचा. पेन्सिल आणि दोन खडू, एवढाच खर्च. सोलापूरच्या पूर्व भागात घरी तेलुगू आणि शाळेत मराठी बोलणारी कितीतरी मुलं आहेत. इथं त्यांचं भाषेवाचून अडत नाही.

पाचवीला पुठ्ठ्याच्या दोन्ही कडांना खाचा पाडून छोटा माग करता येईल. सूत विकत आणायची गरज नाही, सोलापूरच्या टॉवेल कारखान्यांत कातरण आणि सुताचे गुंते पोत्यानं निघतात.

शिक्षण मंडळाला आणि मुख्याध्यापकांना विनंती, की कलेचे प्रकल्प घरी देणं बंद करून ते तासिकेतच करून घ्यावेत आणि भिंतीवर सगळ्यांचे लावावेत, वाकडे असतील तेही. कारखानदारांनी जवळच्या शाळेला वर्षाकाठी पोतंभर सूत दिलं तर त्यांचं काही बिघडणार नाही. नमुने काढणारे, कार्डं पाडणारे माझ्यासारखे बरेच निवृत्त लोक पेठांमध्ये बसून आहेत. शाळेनं बोलावलं तर फुकट येऊ. भोकं पाडलेली जुनी कार्डं माझ्या माळ्यावर पडून आहेत, तीही घेऊन येईन.

आपला,
एक निवृत्त कामगार, साखर पेठ, सोलापूर