आई-बाबा, ती पॉलिसी बंद करू नका

बंगळूर
१४ डिसेंबर २०२५

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न.

फोनवर तुमच्या आरोग्य विम्याच्या पॉलिसीचा विषय काढला की बाबा "बघू, जानेवारीला वेळ आहे" म्हणतात आणि फोन आईकडे देतात. मग आई जेवलीस का विचारते आणि विषय तिथेच राहतो. म्हणून लिहायला बसलेय. सवडीने वाचा. बाबा, आईलाही मोठ्याने वाचून दाखवा, कारण यातलं निम्मं तिच्याबद्दल आहे.

नोव्हेंबरच्या शेवटी मावशीकडच्या लग्नाला आले होते, तेव्हा कपाटातली तुमची ती निळी फाइल मी चाळली. बारा वर्षांच्या पावत्या, एकही इकडची तिकडे नाही. सगळ्यात वर यंदाची नूतनीकरणाची नोटीस होती. ६६,००० च्या खाली लाल पेनाने दोन रेघा, बाजूला मागच्या वर्षीचे ६०,५०० आणि त्याखाली तुमच्या अक्षरात एकच शब्द, 'बंद?'. तेव्हा काही बोलले नाही. घरात पाहुणे होते आणि तुम्हाला सगळ्यांसमोर विचारणं बरं दिसलं नसतं. पण परतीच्या गाडीत रात्रभर तो शब्द डोळ्यांसमोरून हलला नाही.

तुमचा हिशोब मला कळतो. ईपीएसचं, म्हणजे पीएफबरोबरचं, पेन्शन अडीच हजार, बाकी सगळं बँकेच्या व्याजावर. त्यातून एकदम सहासष्ट हजार बाहेर काढायचे म्हणजे पोटात गोळा येणारच. आणि आता सरकारचं कार्ड निघालंय, सत्तरीच्या वरच्यांना पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत, मग हा खर्च कशाला, असं तुम्ही आईला म्हणालात. आईनेच मला सांगितलं, तिच्यावर रागावू नका.

आधी हप्त्याचं बोलते. बाबा, पासबुक काढा आणि मागच्या जानेवारीची नोंद बघा. तिथे ६०,५०० नाही, ७१,३९० दिसतील. हप्त्यावर १८ टक्के जीएसटी होता, त्याचेच १०,८९० रुपये गेले होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी शून्य झालाय. म्हणजे नोटिशीत ६६,००० लिहिलेत ना, तेवढेच भरायचे, वर एक रुपयाही नाही. मागच्या वर्षीपेक्षा ५,३९० रुपये कमी. तुम्ही करासकटच्या रकमेऐवजी मूळ हप्त्याशी तुलना केलीत, म्हणून वाढ दिसली. मूळ हप्ता वाढलाय हे खरंच, पण जानेवारी २०२५ मध्ये विमा नियामकाने एक अट घातली आहे: साठीच्या वरच्यांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल, तर कंपनीला आधी नियामकाकडे जावं लागतं. त्यामुळे पुढच्या वर्षी एकदम लाखावर जाईल ही भीती काढून टाका.

दुसरं, यंदापासून हप्ता माझ्या खात्यातून जाऊ दे. तुम्ही लगेच 'नको' म्हणाल, म्हणून आधीच सांगते. घरकर्जामुळे मी अजून जुन्या करप्रणालीत आहे. ज्येष्ठ आई-वडिलांच्या आरोग्य विम्याचा हप्ता मुलाने किंवा मुलीने भरला, तर आयकराच्या ८० डी कलमाखाली ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. माझ्या कराच्या टप्प्यात त्याचे १५,६०० रुपये वाचतात. तुम्ही भरलेत तर तुमचं उत्पन्न करपात्रच नाही, म्हणजे वाचत काहीच नाही. घर म्हणून बघितलं तर ही बचत आपण आजवर सोडून देत आलो. फक्त पैसे थेट माझ्या खात्यातूनच गेले पाहिजेत, रोख दिलेले चालत नाहीत. तुम्ही मला शिकवलंत, त्याची फी कुठे लिहून ठेवली होतीत का? मग हे माझ्याकडे राहू दे.

आता कार्ड. बाबा, ते कार्ड तुम्ही काढायलाच हवं, आणि ते काढायला पॉलिसी सोडावी लागत नाही. आयुष्मान वय वंदना कार्ड २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे. आधारवर वय ७० पूर्ण असलं की उत्पन्नाची अट नाही, जुन्या आजारावर उपचार मिळायला थांबायची मुदत नाही. खासगी विमा असलेल्यांनाही ते मिळतं. आयुष्मान ॲपवर आधारची केवायसी केली की झालं, नाहीतर १४५५५ वर फोन करा. कोणी पैसे मागितले तर देऊ नका, कार्ड मोफत आहे. तुमच्या आधारला जुना नंबर जोडलेला आहे, ओटीपी त्याच फोनवर येईल, तो आधी चार्ज करून ठेवा.

पण आईचं काय? आजी नेहमी सांगायची, "पानशेत फुटलं तेव्हा ही सहा वर्षांची, हिला कडेवर घेऊन मी शनिवारातल्या वाड्याचा जिना चढले." पानशेतचं धरण फुटलं १२ जुलै १९६१ ला. म्हणजे आई १९५५ ची, सत्तरी झाली. पण पुरात घर गेलं, ते सावरण्यात दोन वर्षं गेली, शाळेत नाव उशिरा घातलं आणि मास्तरांनी सगळ्यांची लिहायचे तशी १ जून लिहून टाकली, १ जून १९५७. दाखल्यावर तीच, आधारवर तीच, पॉलिसीवरही तीच. सरकार आधारवरचं वय धरतं. त्यामुळे आईला हे कार्ड १ जून २०२७ च्या आधी मिळणार नाही, आणि तुमच्या कार्डावर तिचे उपचार होत नाहीत. ते फक्त सत्तरी ओलांडलेल्यांचं आहे, बायकोचं वय भरलं नसेल तर ती त्यात येत नाही. तुम्ही पॉलिसी बंद केलीत तर उघडी पडेल ती आई.

तिच्यासाठी महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजना आहे. आपलं पांढरं रेशनकार्ड चालतं. २०२४ पासून राज्यातल्या सगळ्याच कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. तेव्हा रेशनकार्ड शोधून आधारशेजारी ठेवा. तरीही यावर सगळा भार टाकावा असं मला वाटत नाही. दोन्ही योजना दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहेत, बाहेरच्या बाहेर तपासणी, रोजच्या गोळ्या यात नाहीत. ससून, वायसीएमसारखी सरकारी-महापालिकेची हॉस्पिटलं योजनेत आहेत. खासगी हॉस्पिटलांपैकी काही आहेत, काही नाहीत. आणि हॉस्पिटल यादीत असून भागत नाही, हाडांसाठी आहे का, हृदयासाठी आहे का, हेही बघावं लागतं. दिवसाउजेडी ठरवून करायच्या ऑपरेशनला हे जमतं. हॉस्पिटलात योजनेचा माणूस असतो, आरोग्यमित्र, त्याच्या खिडकीवर जाऊन विचारायचं, तो सगळं सांगतो. पण रात्री दोन वाजता छातीत कळ आली तर आई कर्वेनगरात यादी बघत बसणार आहे का? ती जवळच्या दारात जाईल, आणि तिथे पॉलिसीचं कार्ड लागेल.

शिवाय ही पॉलिसी बारा वर्षांची आहे. तुमची शुगर, आईचा बीपी, सगळ्यांच्या थांबायच्या मुदती कधीच संपल्यात. सलग पाच वर्षं झाली की 'अमुक आजार लपवला' म्हणून कंपनीला दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. एकदा बंद पडली की हे सगळं शून्यावर येतं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी नवी पॉलिसी मागायला गेलात आणि कोणी दिलीच, तर जुन्या आजारांसाठी पुन्हा तीन वर्षांपर्यंत थांबवू शकतात. तारीख १८ जानेवारी आहे. नंतर ३० दिवस मिळतात खरे, पण पैसे भरेपर्यंत मधल्या दिवसांत काही झालं तर कंपनी देत नाही. तोवर थांबायचं नाही.

आणि ऑगस्टमधला हर्निया. बाबा, मला माहीत आहे, पॉलिसीवरचा तुमचा विश्वास तिथेच उडाला. "एवढी वर्षं भरले आणि ६९,००० खिशातून गेले," हे तुम्ही मला तीनदा सांगितलंत. ते सगळे कागद मी फोटो काढून आणले आणि दोन रविवार त्यावर बसले.

पॉलिसी पाच लाखांची, खोलीची मर्यादा त्याच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,०००. आईला रात्री पाठ टेकायला वेगळी कॉट हवी म्हणून आपण ८,००० ची खोली घेतली. मला वाटलं होतं, वरचे तीन हजार गुणिले चार दिवस, बारा हजार आपले. तसं नसतं. खोली मर्यादेच्या वर गेली की डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, सगळं त्याच प्रमाणात कापतात. आठातले पाच कंपनीचे, तीन आपले. हातमोजे-बितमोजे सोडून बिल १,८४,००० चं होतं. खोलीचे ३२,०००, डॉक्टर आणि थिएटरचे ८८,०००, आणि औषधं, जाळी, तपासण्या मिळून ६४,०००. कंपनीने सरसकट आठातले पाच धरून १,१५,००० दिले.

इथे त्यांचं चुकलंय. विमा नियामकाच्या २०२० च्या नियमाप्रमाणे औषधं, शरीरात बसवलेल्या वस्तू आणि तपासण्या यांना ही प्रमाणाची कात्री लावता येत नाही. हर्नियाची जाळी शरीरातच बसवलेली आहे. म्हणजे ते ६४,००० पूर्ण मिळायला हवे होते, आणि त्यातले २४,००० आपले देणं आहेत. उरलेले ४५,००० मात्र खोलीपायी गेले, ते नियमातच आहे. मी त्या दिवशी पुण्यात असते आणि दाखल करताना पॉलिसीचं ते एक पान वाचलं असतं, तर तेही वाचले असते. याचं मला फार वाईट वाटतं. यापुढे दाखल व्हायच्या खिडकीवर पहिला प्रश्न हाच विचारायचा: पाच हजारांच्या आतली खोली आहे का? नसेल तर मला फोन करा, रात्र असली तरी.

एजंटने तुम्हाला सांगितलं की २० टक्के को-पे घ्या, म्हणजे मंजूर दाव्यातले २० टक्के आपण भरायचे, हप्ता उतरेल. नका घेऊ. तसं असतं तर ऑगस्टला मिळालेल्या १,१५,००० मधले २३,००० आणखी खिशातून गेले असते. दुसऱ्या कंपनीत पॉलिसी हलवून खोलीची मर्यादा नसलेली घेता आली तर बरं, पण अर्ज नूतनीकरणाच्या ४५ दिवस आधी करावा लागतो. यंदा ती वेळ गेली. पुढच्या नोव्हेंबरात मी रजा काढून येते आणि विचारून बघू. या वयात नवी कंपनी नाहीही म्हणू शकते, म्हणून त्यांचा होकार हातात येईपर्यंत जुनी सोडायची नाही.

आई, आता तुझ्याशी. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू ओट्यापाशी पाठ करून उभी होतीस. चहा उतू जाईल म्हणून मी आत आले, तर पोळपाटावर बीपीची गोळी होती आणि तू भाजीच्या सुरीने तिचे दोन तुकडे करत होतीस. एक तुकडा वाटीत, एक तोंडात. मला बघून म्हणालीस, "मोठी आहे, गिळवत नाही." ती गोळी हरभऱ्याच्या डाळीएवढी आहे, आई. डब्यात बघितलं तर महिन्याची पाकिटं दीड महिना पुरवलेली होती.

असं करू नकोस. डॉक्टरांनी अर्धी सांगितली तरच अर्धी. पैशासाठी असेल तर त्याला वाट आहे. डॉक्टरांना सांग की चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून द्या, आणि बाबांना जनऔषधी केंद्रात पाठव. तिथे औषधं ब्रँडपेक्षा ५० ते ८० टक्के स्वस्त असतात, बीपी आणि शुगरच्या नेहमीच्या गोळ्या असतात. तुमच्या दोघांच्या चिठ्ठ्या मला फोटो काढून पाठव, कुठली तिथे मिळते ते मी बघून ठेवते. तू गोळी अर्धी करून वाचवलेस ते महिन्याचे दोनशे-अडीचशे रुपये, आणि मी इथे ऑफिसात बसून तुझ्या डोक्यातली रक्तवाहिनी आठवते. आजपासून पूर्ण घे. मी रोज रात्री विचारणार आहे.

पाकिटात दोन कागद आहेत. एक, कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला २४,००० बद्दलचं पत्र. हिशोब मी त्यात मांडलाय, ऑगस्टचं बिल आणि त्यांनी कापलेल्या रकमेचा तक्ता यांच्या झेरॉक्स जोडल्यात. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाऊ. त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे, फी नाही, वकील लागत नाही. दुसरा, पॉलिसीच्या नूतनीकरणाचा अर्ज. दोन्हींवर पेन्सिलीने फुली केलीय, बाबा, तिथे सही करा, तारीख घाला आणि पहिलं पत्र रजिस्टर एडीने टाका. पोचपावती त्या निळ्या फाइलीतच लावा, नोटिशीच्या वर.

तुमची,
छकुली