‘पश्चात’च्या आधीचंही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात माझी थोरली बहीण वारली. आपल्या दैनिकाच्या आतल्या पानावर तिची निधन वार्ता आली. मजकूर मीच लिहून वार्ताहराकडे दिला होता आणि तो जसाच्या तसा छापला गेला, त्याबद्दल आभार. ‘येथील रहिवासी श्रीमती अमुक (वय ७९) यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. त्या मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या. त्यांच्या पश्चात दोन मुले, एक मुलगी, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे. त्या अमुक यांच्या मातोश्री व निवृत्त लिपिक अमुक यांच्या भगिनी होत.’

कात्रण डायरीत ठेवायला गेलो आणि वाचता वाचता हात थांबला. त्या चार ओळींत माझं नाव होतं, भाच्यांची नावं होती, त्यांच्या नोकऱ्या होत्या. बहिणीविषयी काय होतं? तिचं वय. मनमिळाऊ ती नव्हती, चांगली कडक होती. लग्नघरात मांड्यांच्या चुलीपाशी कोणी गप्पा मारायला बसलं तर उठवून लावायची. खान्देशात राहणाऱ्याला मांडे सांगायला नकोत, पण नव्या पिढीसाठी सांगतो. पोळपाट नाही, लाटणं नाही. सैल तिंबलेल्या कणकेत पुरण भरून तो उंडा दोन्ही हातांवर फिरवत, झुलवत वाढवायचा. वाढत वाढत कोपरापर्यंत आला की उपड्या घातलेल्या खापरावर अंथरायचा. ताईच्या दोन्ही हातांवर मनगटापासून वर भाजल्याचे काळे डाग होते. ‘हात भाजना तरी चाली, मांडा फाटाले नको,’ असं ती सुनांना सांगायची. पन्नासेक वर्षं आसपासच्या गावांतली लग्नं तिच्या खापरावर पार पडली, आणि तिच्या सख्ख्या भावाला बातमी लिहिताना यातलं काहीही सुचलं नाही.

मला न सुचण्याला कारण आहे, आणि ते सांगण्यासाठीच हे पत्र लिहितोय. खान्देशातल्या एका नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर मी २६ वर्षं काढली. आता अमळनेरला राहतो. नोकरीच्या गावाचं नाव लिहीत नाही; पुढे ज्यांच्याविषयी लिहिलंय त्यांच्या घरच्यांना मी विचारलेलं नाही, आणि लहान गावात एवढ्या तेवढ्यावरूनही घर ओळखू येतं. माणूस गेल्यावर त्याचा कागद कसा तयार होतो, हे मी इतकी वर्षं केलंय की हाताला तेच वळण पडलं.

१९६९ च्या कायद्याप्रमाणे मृत्यूची खबर २१ दिवसांत द्यायची. नमुना क्रमांक दोन. २००० साली नवे नमुने आले, तेव्हापासून या कागदाचे दोन भाग. एक कायद्याचा: तारीख, नाव, वय, ठिकाण, आई-वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, पत्ता, खबर देणाऱ्याची सही किंवा डाव्या हाताचा अंगठा. दुसरा आकडेवारीचा: धर्म, व्यवसाय, औषधोपचार झाले का, आजार कोणता. शिवाय मृत व्यक्ती विडी-सिगारेट ओढायची का, तंबाखू खायची का, सुपारी खायची का, दारू प्यायची का, आणि असल्यास किती वर्षं. डोळे सुजलेल्या माणसाला हे विचारायचं. आरोग्याच्या आकडेवारीला ते लागतं, त्याला माझी हरकत नाही. पण बाप किती वर्षं तंबाखू खात होता हे मी शेकडो मुलांना विचारलं आणि किती वर्षं विहिरी खोदत होता हे एकालाही विचारलं नाही. व्यवसायाला एका शब्दापुरती जागा. पुरुष असेल तर ‘शेती’, ‘मजुरी’, ‘निवृत्त’. बाई असेल तर ‘घरकाम’. काहीच नसेल तर ‘निरंक’. महिना संपला की हा दुसरा भाग कापून वरच्या कार्यालयात जायचा. गावच्या नोंदवहीत राहायचा तो फक्त पहिला. म्हणजे तो एक शब्दही गावाकडे उरत नव्हता.

मी निवृत्त होण्याच्या आदल्या वर्षी गावातली जुनी दाई वारली. मुलगा खबर द्यायला आला. मी विचारलं, व्यवसाय? तो म्हणाला, ‘काही नई भाऊ, घरमाच राहे ती.’ मागे रांग होती. मी ‘घरकाम’ लिहिलं.

त्या वेळी माझ्या पाठीमागच्या लोखंडी कपाटात तिचे अंगठे होते. कायद्याच्या दहाव्या कलमात सुईणीवर जन्माची खबर देण्याची जबाबदारी टाकलेली आहे. ते कलम तिला कोणी वाचून दाखवलं होतं की नाही देव जाणे, पण बाजाराच्या दिवशी ती नेमानं यायची. लिहिता-वाचता येत नव्हतं. लुगड्याच्या पदराला गाठी मारून आणायची, एका बाळंतपणाची एक गाठ. टेबलाशी उभी राहून एकेक गाठ सोडत सांगायची, ‘लिखी ले भाऊ. सोनारसनी सूनले पोरगी. बुधवारे, गाया घर येवाना टाइमले.’ जन्माच्या नमुन्यात वेळेचा रकाना नाही, हे मी तिला कितीदा तरी सांगितलं. ती वेळ सांगितल्याशिवाय पुढच्या गाठीला हात लावत नसे. मेलेलं मूल जन्मलं असेल तर ती गाठ शेवटी. त्याचा नमुना वेगळा, क्रमांक तीन. तो मी काढेपर्यंत ती गप्प उभी राहायची आणि त्या गाठीला वेळ सांगायची नाही.

तिच्याविषयी अजून एक सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला ती जुन्या वळणाची अडाणी बाई वाटेल. मूल पायाळू आहे असा संशय आला की ती स्वतः हात आखडता घ्यायची आणि घरच्यांना बैलगाडी, रिक्षा, मिळेल ते बघून सरकारी दवाखान्यात जायला लावायची. सोबत बसून जायची. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली. हे चांगलंच झालं, असं तीच म्हणायची. तिच्या पदराच्या गाठी कमी होत गेल्या आणि एका वर्षी ती यायची थांबली.

जन्माच्या कागदावरही ‘प्रसूती कोणी केली’ हा रकाना आकडेवारीच्याच भागात असतो. पारंपरिक दाईसमोर मी केलेल्या सगळ्या खुणा अशा दर महिन्याला कापून गेल्या. राहिला खबर देणारीचा अंगठा. माझ्या धाकट्या मुलाच्या जन्माच्या कागदावरही तोच अंगठा आहे. आणि मी ‘घरकाम’ लिहिलं.

त्या नोंदीत आता बदल होणार नाही, व्हायला जागाही नाही. सरकारी कागदाचं काम वेगळं आहे, वारसाहक्काला, विम्याला, पेन्शनला तो लागतो. माणसाचं बाकीचं कुठे लिहायचं, तर मला वर्तमानपत्राशिवाय दुसरी जागा दिसत नाही. चौकात फ्लेक्स लागतात ते ऐपत असलेल्यांचे. मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग लागते, तासाभरात त्याखाली लग्नाची पत्रिका येते. या जानेवारीत आमच्या ओळखीच्या एका घरचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राहणारा शेतगडी, गेला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल ठरतं आणि पुढच्या आखाजीला संपतं, तशा त्याच्या तीस-चाळीस आखाज्या एकाच घरी झाल्या. शिवारातल्या प्रत्येक तुकड्याचं, बांधाचं, नाल्याच्या वळणाचं अहिराणी नाव त्याला ठाऊक होतं. सात-बाऱ्यावर तिथे फक्त गट नंबर आहे. त्याची निधन वार्ता कुठल्याच पेपरात आली नाही. द्यायला घरात लिहिणारं कोणी नव्हतं. आमच्याच गल्लीत प्रताप मिल या कापड गिरणीत साच्यावर काम केलेले एक काका होते, तेही या हिवाळ्यात गेले. साच्यांच्या आवाजानं कान गेलेले, त्यामुळे घरातही खालच्या आवाजात बोलणं त्यांना कधी जमलं नाही. त्यांची बातमी आली ती ‘निवृत्त मिल कामगार’ एवढीच.

आपल्या खान्देशाला हे कळायला हवं, असं मला फार वाटतं. आसोद्याच्या लेक आणि जळगावच्या सून बहिणाबाई चौधरी ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या. शेतात आणि घरात राबणारी, अक्षरओळख नसलेली बाई. त्यांच्या मृत्यूच्या नोंदीत व्यवसायाचा रकाना कोणी भरला असेल, तर त्यात ‘शेतकाम’ किंवा ‘घरकाम’ याहून वेगळं काय येणार होतं? घरातल्या मुलांनी, म्हणजे सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावानं, त्यांच्या तोंडची गाणी कागदावर उतरवून ठेवली होती. आई गेल्यावर सोपानदेवांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये ती छापून आली. आज विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. सगळ्यांच्याच तोंडी गाणी नसतात, पण दारोदार काहीतरी असतं, आणि टिपणारं माणूस घरात असेलच असं नाही.

आखाजी जवळ आली की मला हे जास्त जाणवतं. आमच्याकडे पितरांची घागर भरतात. कुंभाराकडून आणलेली घागर पाण्यानं भरायची, वर खरबूज, सांजोरी, आंबे ठेवायचे, निखाऱ्यावर आगारी, म्हणजे पितरांसाठी तूप-घास, टाकायची आणि एकेका पितराचं नाव घेत उंबरठ्यावर कुंकवाचं बोट उमटवायचं. माझी आई सहा-सात बोटं उमटवायची, नावं भरभर घ्यायची. गेल्या वर्षी मी बसलो तर आजोबांच्या मागे मला एकच नाव आठवलं, आणि तो माणूस काय करायचा हे ते नाव घेतानाही ठाऊक नव्हतं. यंदा ताईचं पहिलं बोट उमटेल.

म्हणून विनंती करतो. निधन वार्ता घेताना आपल्या तालुका वार्ताहरांनी घरच्यांना एकच प्रश्न जादा विचारावा: त्यांच्या हाताला काय येत होतं? उत्तर आलं नाही तर शेजाऱ्यांना विचारावं. आपल्याकडे माणूस गेल्यावर लोक दारावर येतात, ओट्यावर बसतात, द्वारदर्शनाच्या दिवशी तर अर्धा गाव येऊन जातो. तिथे तासभर बसलं तरी पुरे, माणसं आपसूक सांगत असतात. त्यातलं साठ-सत्तर शब्दांत रविवारी एका कोपऱ्यात द्यावं, आठवड्याला दोन-तीन माणसं. घरच्यांची संमती घेऊनच. ‘मनमिळाऊ’, ‘सर्वत्र हळहळ’ हे शब्द त्यात येऊ देऊ नयेत. बाईची ओळख आधी तिच्या नावानं आणि कामानं द्यावी, मुलांच्या हुद्द्यांनी नंतर. पुण्यस्मरणाच्या फोटोसाठी जाहिरात विभाग आहे, हे सदर तिकडे जाऊ नये, नाहीतर सालदार पुन्हा बाहेरच राहील. त्याच्यासारख्याचा मजकूर शेजाऱ्यानं दिला तरी घ्यावा. आणि जमलं तर आखाजीच्या आधीच्या रविवारी वर्षभरातल्या अशा सगळ्यांचं एक पान काढावं. घागर भरताना घरोघरी ते हाताशी राहील.

जागेची अडचण असते, मी समजू शकतो. साने गुरुजी अमळनेरला शिक्षक होते तेव्हा छात्रालयातल्या मुलांसाठी रोज हाताने लिहून दैनिक काढायचे. त्या गावात मी राहतो. आपण जागा देऊ शकला नाहीत तर मी आमच्या चौकातल्या फळ्यावर खडूनं लिहीन, पण फळा दुसऱ्या दिवशी पुसावा लागतो.

गेल्या तीन आठवड्यांत फिरून असे पाच मजकूर मी लिहिले आहेत, पाचही घरांची संमती घेऊन. ते वेगळ्या कागदांवर सोबत आहेत. त्यातला पहिला इथे देतो. शक्य असेल तर बहिणीची बातमी एवढी दुरुस्त करून पुन्हा छापावी.

‘मांडे करणाऱ्या ताई (वय ७९) गेल्या. लग्न होऊन आल्यावर सासूकडून मांडे शिकल्या. खापर तापलं का, हे पाण्याचा शिपका मारून त्याच्या आवाजावरून ओळखत. पहिला मांडा पानात वाढू देत नसत, तो चुलीला. ज्या घरी अडचण असेल तिथे मजुरी घेतली नाही. शेवटचे मांडे गेल्या आखाजीला केले, १९ झाले, दोन फाटले म्हणून दिवसभर बोलल्या नाहीत. खापर धाकट्या सूनबाईंकडे आहे आणि त्यांना मांडे येतात. शिकायचं असेल त्यांनी दुपारी चारनंतर घरी यावं.’

आपला,
एक निवृत्त नोंदणी लिपिक, अमळनेर
(नाव व पत्ता सोबत पाठवला आहे, छापू नये ही विनंती.)